आधी उपकारस्तुती, मग ऑपरेशन

दापोडीच्या त्या घरात मी सात वर्षं राहिले, आणि त्या सात वर्षांत तीन आठवडे सोडले तर एकदाही गरम आमटी माझ्या तोंडात गेली नाही. याला कारण आमच्या घरमालकीणबाई. ताटं वाढून व्हायची, वाफा निघायच्या, दिवसभर सायकल मारून माझ्या पोटात कावळे ओरडत असायचे, आणि माझा हात भाकरीकडे गेला रे गेला की समोरून हुकूम सुटायचा, "थांब गं. आधी आभार."

मग डोळे मिटून त्या जे सुरू व्हायच्या ते आवरायचं नाव नाही. "हे दयाळू बापा, या भाकरीबद्दल मी तुझे उपकार मानते. ज्यानं ज्वारी पेरली त्याच्याबद्दल मानते. जिनं ती खुडली तिच्याबद्दल मानते. ज्या बैलगाडीतनं ती बाजारात आली त्या बैलांबद्दल मानते. मीठ काढणाऱ्या माणसांच्या पायांना मीठ झोंबतं, त्यांच्याबद्दल मानते..." मी एक डोळा उघडून आमटीवर साय धरताना बघत बसायची. मधेच घरामागून रेल्वे जायची. मेल गेली की फळीवरची भांडी थरथरायची, आपण काय बोलतोय ते आपल्याला ऐकू यायचं नाही. दुसरं कुणी असतं तर गाडी जाईपर्यंत गप्प राहिलं असतं. या बाई आवाज चढवायच्या! आणि गाडी गेल्यावर "या गाडीत बसलेल्या सगळ्यांबद्दल" अशी आणखी एक भर घालायच्या.

आवाज म्हणजे काय सांगू. खणखणीत. पुलापलीकडे खडकीच्या चर्चमध्ये त्या गायला उभ्या राहिल्या की पेटी वाजवणारा गृहस्थ पेटी हळू करायचा, कारण तिचा काही उपयोगच नसे. गल्लीत सगळे त्यांना आभारमावशी म्हणत. मी नुसतं मावशी म्हणायची. बाई नगरकडच्या. नवरा खडकीच्या कारखान्यात सुतारमिस्त्री होता, तो वारल्यावर तीन खोल्यांचं ते कौलारू घर आणि परसातलं शेवग्याचं झाड एवढं त्यांच्या वाट्याला राहिलं. मूलबाळ नाही. एक खोली त्या भाड्यानं देत.

ती खोली मला कशी मिळाली तेही ऐकण्यासारखं आहे. मी परभणीकडची. नवऱ्यानं टाकलेली, मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेली, दापोडीच्या दवाखान्यात नुकतीच रुजू झालेली. एकट्या बाईला, त्यातून सायकल चालवणाऱ्या बाईला, खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. चार ठिकाणी जात विचारली, दोन ठिकाणी नवरा विचारला. मावशींनी मला दारातच उभं केलं आणि विचारलं, "आज सकाळपासनं काय काय मिळालं तुला?"

मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "काय मिळायचंय? बस चुकली, चपलेचा अंगठा तुटला आणि सहा घरांतून नकार मिळाला."

"पाय शाबूत हाईत?"

"आहेत."

"मग ते आधी सांगायचं," त्या म्हणाल्या, आणि किल्ली हातावर ठेवली. मी मनात म्हटलं, बाई गं, वेडीच्या घरात येऊन पडले.

मिशनच्या दवाखान्यात मी प्रार्थना पुष्कळ ऐकल्या होत्या. पण तिथल्या प्रार्थनेत मागणं असायचं. मावशी मागत नसत. काहीही नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, देवाकडे काहीतरी मागावं माणसानं." तर म्हणाल्या, "का? त्याला दिसत न्हाई? तू रोज दवाखान्यात जाऊन डॉक्टरला आठवण करून देती का, की बाबा तू डॉक्टर हाईस म्हणून?" आमचे डॉक्टर ज्या प्रकारचे होते त्यांना ती आठवण रोज करून द्यावी लागे, पण ते मी बोलले नाही.

आणि एक सांगते, त्या सरसकट सगळ्याला गोड म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. तसल्या माणसांचा मला मनस्वी तिटकारा आहे. मावशींच्या मनात एक वेगळा कप्पा होता, ज्या गोष्टींचे आभार त्यांना अजून मानता आलेले नव्हते त्यांचा. ढेकूण त्यात होते. धाकटा दीर होता. मी विचारलं, "ढेकणांचं काय ठरलं मावशी?" की त्या गंभीरपणे म्हणायच्या, "विचार चाललाय." दिराचं विचारलं की म्हणायच्या, "ढेकणांचं आधी होईल."

दूध घालायला कोंडाबाई यायची. दापोडी गावठाणातली, जुन्या शेतकरी घरातली, तोंडानं फटकळ पण मनानं लोण्यासारखी. दोन म्हशी आणि शेजारी मुळा नदी, त्यामुळे दूध कधी कमी पडायचं नाही. एके सकाळी मावशींनी पातेल्यात दूध घेतलं, बोट बुडवून बघितलं, आणि तिथंच उंबऱ्यात कोंडाबाईसमोर डोळे मिटले. "बापा, या दुधाबद्दल तुझे उपकार मानते. म्हशीबद्दल मानते. आणि आपल्या मुळा नदीबद्दल मानते, जी या पातेल्यापर्यंत चालत आली." तेही त्या आवाजात. सगळी गल्ली बाहेर आली.

कोंडाबाई लालबुंद झाली. "मावशे, द्येवाला कशाला सांगतीस? मला सांग की! आमी काय मेलोय व्हय?"

"तुझी तक्रार केली का मी? नदीचे आभार मानले."

"न्हाई, ते समदं कळतं मला!" म्हणत कोंडाबाई तरातरा निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी दूध असं यायला लागलं की चहात घातलं की चहा दिसायचा नाही. बाकीच्या गल्लीला मात्र नदी पूर्वीसारखीच मिळत राहिली.

आणखी एक हकिगत. एका दिवाळीत गल्लीत भांडणतंटा काही झाला नाही. दरवर्षी फटाक्यांवरून डोकी फुटायची, त्या वर्षी नाही फुटली. मावशी इस्त्रीचं लुगडं नेसून पोलीस चौकीवर गेल्या. मलाही ओढून नेलं. हवालदारानं वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली. "बोला बाई. काय तक्रार हाय?"

"तक्रार नाही. आभार मानायला आले."

"कुणाचे?"

"तुमचे. दिवाळी शांततेत गेली."

हवालदार माझ्याकडे बघायला लागला, हिला काही लागीर वगैरे झालंय का अशा नजरेनं. "बाई, इथं तक्रार नोंदवत्यात. आभाराचं काय लिहू मी?"

"मग लिहा की, दापोडीच्या एका बाईची काही तक्रार नाही."

त्यानं लिहिलं की नाही कोण जाणे, पण आम्हाला दारापर्यंत पोचवायला तो उठून आला. परत येताना मी मावशींवर चिडले होते. लोक काय म्हणतील, दवाखान्यात मला काय तोंड दाखवायचं, वगैरे. त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत त्याच्याकडं कुणी हसत आलं नसेल गं." मी आपली सायकल ढकलत चालले.

आता मुद्द्यावर येते. मावशींच्या गळ्याला गाठ होती. मी राहायला गेले तेव्हा सुपारीएवढी, तीन वर्षांत पेरूएवढी झाली. पदर त्या गळ्याभोवती घेत, त्यामुळे लोकांना दिसत नसे. पण भिंतीपलीकडे मी झोपत होते. आडवं झालं की गाठ श्वासनळीवर दाबायची, म्हणून त्या उशा रचून बसल्या बसल्या झोपायच्या. दोन वर्षं त्या अशाच झोपत होत्या. घरघर, घरघर, मग मधेच एकदम काहीच नाही, आणि मग पुन्हा घरघर. त्या मधल्या शांततेत माझा जीव टांगणीला लागायचा. सकाळी विचारलं तर म्हणायच्या, "बसून झोपलं की लवकर उठता येतं. त्याबद्दलही आभार."

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आभार पुरे झाले! हे असंच चाललं तर एके दिवशी तुमचा श्वास कोंडेल, आणि मला सकाळी दार फोडावं लागेल. ऑपरेशन करून घ्या."

महिनाभर मी त्यांच्या मागे लागले. भांडले, रुसले, एक दिवस जेवले नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "देवानं तुला इथं खोली उगाच दिली नसंल. चल." मी त्यांना पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. सर्जन भला माणूस होता. त्यानं लपवलं नाही. म्हणाला, "गाठ काढली की श्वास मोकळा होईल. पण आवाजाची नस तिथूनच जाते, गाठीला चिकटलेली असते. आम्ही जपतो. तरी क्वचित ती दुखावते. मग आवाज जातो."

परतताना पुलावर बस आली तेव्हा मावशी नदीकडे बघत म्हणाल्या, "गायचं कसं मग?" एवढंच. मी म्हटलं, "अहो, क्वचित म्हणाले ना ते. तुमच्या बाबतीत कशाला होईल?" असं मी म्हटलं. मी, नर्स असून.

ख्रिस्ती घरांतून एक चांगली पद्धत असते. आजारातून माणूस उठलं, नोकरी लागली, बाळंतीण सुखरूप घरी आली, की घरात उपकारस्तुतीची सभा ठेवतात. चर्चचे पाळकसाहेब येतात, शास्त्र वाचतात, गाणी होतात, आणि ज्याच्यावर कृपा झाली तो उभा राहून साक्ष देतो, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतो. मग चहा-फराळ. हे सगळं काम झाल्यावर. मावशींनी ती सभा ऑपरेशनच्या आधी ठेवली!

पाळकसाहेब तरुण होते, नवीनच आलेले. ते सायकलवरून समजूत घालायला आले. "मावशी, देवानं कृपा केली की मग उपकारस्तुती करायची असते. आपण आत्ता प्रार्थनासभा ठेवू. आरोग्य मागू."

"साहेब, तुम्ही जेवणाआधी आभार मानता का जेवल्यावर?"

"जेवणाआधी."

"घास पोटात गेलेला नसतोच की तेव्हा. तरी मानता. समोरच्यावर भरवसा हाय म्हणून." पाळकसाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चहा घ्या साहेब."

ते गेल्यावर मी मावशींजवळ बसले. त्या चिवड्यासाठी खोबरं कातरत होत्या. म्हटलं, "मावशी, सभा करा, काही म्हणणं नाही माझं. पण साक्ष देताना 'आवाज राहू दे' असं म्हणा. 'राहिला' म्हणू नका. ऐका माझं."

"का गं? त्याच्यावर एवढा अविश्वास?"

"त्याच्यावर नाही. नसेवर."

त्या खदखदून हसल्या. खोबरं सांडलं.

सभेला ही गर्दी. चर्चमधली माणसं, अख्खी गल्ली, नवऱ्याच्या कारखान्यातले जुने लोक, आणि दाराशी चौकट धरून कोंडाबाई. मावशी तीन गाणी गायल्या. पेटी नव्हतीच, नको होती. मग उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "माझ्या गळ्याची गाठ देवानं काढली. माझा श्वास त्यानं मोकळा केला. आणि माझा आवाज त्यानं राखला. त्याबद्दल मी त्याचे उपकार मानते." सगळं झालेल्या गोष्टीसारखं. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भक्तीचा नव्हता. मला भीती वाटली होती.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. गाठ निघाली. आणि आवाज गेला.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून तोंड हलवलं, तर नुसती हवा आली. पुन्हा हलवलं. पुन्हा हवा. तोंडाजवळ कान नेला तर शब्द कळायचे, पण हातभर अंतरावर काही नाही. सर्जनचा चेहरा पडला होता. त्याचा काही दोष नव्हता, गाठच तशी चिकटलेली होती. म्हणाला, "सहा महिने वाट बघू, कधीकधी परत येतो." तो परत आला नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

टांग्यातून घरी आणलं. गल्ली गोळा झाली आणि मावशींनी हात जोडले, बोलल्या नाहीत, तसं सगळ्यांना कळलं. चर्चमधल्या दोन बाया भेटायला आल्या. त्यांतली एक लाडू पुढे सरकवत म्हणाली, "असं देवाला आधी बांधून घ्यायला नको होतं हो." मावशींनी मान हलवली. म्हणजे होय, चुकलं. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, "बाई, चहा झाला असेल तर निघा, रोग्याला आराम पाहिजे." वाईट बोलले, पण बरं वाटलं.

आणि मग ते तीन आठवडे. मावशी ताटं वाढायच्या, बसायच्या आणि सरळ जेवायला लागायच्या. डोळे मिटणं नाही, ओठ हलवणं नाही. पहिल्या दिवशी मी नेहमीच्या सवयीनं हात मांडीवर ठेवून थांबले, तर समोर घास सुरू झालेला. मी आमटी तोंडाला लावली आणि जीभ पोळली. गरम आमटी! तीन वर्षं जिच्यासाठी चरफडत होते ती. घशाखाली उतरेना. घर इतकं शांत की मागून मेल गेली तर बरं वाटायचं, निदान भांडी तरी बोलायची. रविवारी त्या चर्चला जात नव्हत्या. पाळकसाहेब दोनदा येऊन बसून गेले. तेही फार बोलले नाहीत, ते त्यांनी चांगलं केलं.

एके सकाळी कोंडाबाई दूध घालून तिथंच उभी राहिली. जाईना. "मावशे, बघ की जरा दूध."

मावशींनी बघितलं.

"पानी घातलंया. मुद्दाम घातलंया, निम्म्यानं. बोल की काय तरी! मला न्हाई तर तुझ्या द्येवाला बोल!" आणि ती बया पदर तोंडात घालून रडायला लागली. मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पातेलं चुलीवर ठेवलं आणि नुसत्या दुधाकडे बघत बसल्या.

माझं काय चाललं होतं ते सांगते. हे सगळं मी केलं होतं. त्या बसून झोपत होत्या, झोपू द्यायचं होतं. मी मागे लागले, मी उपास केला, मी पुण्याला नेलं, मी क्वचित-क्वचित म्हणत राहिले. एका माणसाकडे आयुष्यात एकच ऐट होती, ती मी दवाखान्यात नेऊन हरवून आणली. आवाज गेला तो गेलाच, पण त्यांचा तो भरवसाही माझ्या हातून गेला. त्यांच्यासमोर जेवायला बसणं मला जड व्हायला लागलं. चाकणच्या दवाखान्यात नर्सची जागा रिकामी होती. मी बदलीचा अर्ज लिहिला आणि पिशवीत ठेवला. रविवारी जेवणं झाली की सांगायचं ठरवलं.

आता मी सत्तरीच्या पुढे आहे. त्या घराच्या जागी केव्हाच मोठी इमारत उभी राहिली आणि माझ्या ओळखीचं तिथं कुणी नाही. मावशी गेल्या त्यालाही खूप वर्षं झाली. त्या कशा गेल्या ते सांगण्यासारखं नाही, म्हाताऱ्या माणसासारख्या शांतपणे गेल्या, मी जवळ होते. पण त्यांची आठवण निघाली की मला तो रविवार आठवतो.

दुपार होती. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, तुरीची आमटी. मी मान खाली घालून घास मोडायला हात पुढे केला, आणि मावशींनी माझं मनगट धरलं.

मी वर बघितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बोट केलं, मग वर कौलांकडे.

"मी?"

मान हलली.

"मावशी, मला नाही येत ते. मी काही तुमच्या धर्माची नाही."

त्यांनी ऐकलंच नाही. डोळे मिटले आणि बसून राहिल्या. मनगट सोडलं नाही. त्या बाईचा हट्ट मला माहीत होता, संध्याकाळपर्यंत तशाच बसल्या असत्या. शेवटी मी घसा खाकरला. आयुष्यात मी कधी कुणाचे असे मोठ्यानं आभार मानले नव्हते. मानण्यासारखं काही मिळालंच नाही अशी माझी समजूत होती.

"देवा... या भाकरीबद्दल आभार. भाजीबद्दल आभार. आमटीबद्दल. ज्यानं ज्वारी पेरली त्याच्याबद्दल." थांबले. त्यांनी बोटानं मनगटावर टकटक केलं, पुढे. "कोंडाबाईच्या दुधाबद्दल. या घराबद्दल. झालं?"

झालं नव्हतं. मावशींनी डोळे उघडले आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवलं, जिथं टाक्यांचा व्रण अजून गुलाबी होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "नाही," मी म्हटलं. "ते मी म्हणणार नाही. जीव गेला तरी नाही. ज्यानं तुमचा आवाज नेला त्याचे मी आभार मानू? आणि माझ्या तोंडानं? अहो, मीच नेलं ना तुम्हाला तिथं! तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, राखला म्हणून, आणि त्यानं काय केलं? तुम्हाला खोटं पाडलं. तुम्ही त्याच्याशी तीन आठवडे बोलत नाही, आणि मला सांगता आभार मान म्हणून?" मी ओरडत होते, रडत होते, नाक पुसायला हात मोकळा नव्हता कारण मनगट त्यांच्या हातात.

मावशींनी मनगट सोडलं आणि माझा कान धरला. अगदी शाळेतल्यासारखा. धरून मला जवळ ओढलं, तोंड कानाशी आणलं. ऑपरेशननंतर त्या एवढं लांब कधी बोलल्या नव्हत्या. चार शब्द बोलायच्या, थांबायच्या, पुन्हा बोलायच्या.

"आवाजाचं माझं नि त्याचं चाललंय. मला वाटलं होतं राहील. न्हाई राहिला. मला राग हाय. ते मी त्याच्याशी बघून घेईन, त्यात तू पडू नको."

"मग हे काय?" मी त्यांच्या गळ्याकडे बोट केलं.

"श्वास गं," त्या म्हणाल्या. "श्वास. आडवी झोपते मी. तीन आठवडे झाले. पाय पसरून. सकाळी जाग आली तर उशी डोक्याखाली असती. दोन वर्षांनी." मग माझा कान सोडला. "याचे आभार राहिलेत. त्याचे नि तुझे. माझ्यानं मोठ्यानं होत न्हाई. कुजबुजत आभार मानायची मला सवय न्हाई. म्हणून तू म्हण."

भिंतीपलीकडून तीन आठवडे घरघर आली नव्हती. एकदाही नाही. ज्या घरघरीपायी मी दोन वर्षं जागी राहिले, जिच्यापायी हा सगळा खटाटोप केला, ती थांबल्याचं मला कळलंसुद्धा नव्हतं. मी नर्स, मी भिंतीला लागून झोपणारी, मी काय गेलं तेवढंच कुरवाळत बसले होते.

मी डोळे मिटले. "देवा," मी म्हटलं, "मावशींच्या श्वासाबद्दल..." आणि नाक पुसलं. पुन्हा हळूच सुरुवात केली. "मावशींच्या श्वासाबद्दल तुझे आभार."

कानाशी पुन्हा हवा आली.

"मोठ्यानं," मावशी म्हणाल्या.

मी मोठ्यानं म्हटलं.